'मदरबोर्ड गेलाय': एका वाक्याची समीक्षा

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं.

या व्याख्यानमालेत आजवर कादंबऱ्यांची समीक्षा झाली, नाटकांची झाली, संतवाङ्मयाची झाली. आम्हाला बोलावलं तेव्हा आम्ही संयोजकांना आधीच सांगितलं की आमच्याकडे ग्रंथ नाही, एक वाक्य आहे. साडेतीन शब्दांचं. ते आपण सगळ्यांनी दुकानात, कचेरीत, शाळेच्या संगणक-खोलीत ऐकलेलं आहे: "मदरबोर्ड गेलाय. नवीनच घ्या." आज त्या वाक्याची समीक्षा करायची आहे. ते कोण म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं, आणि ते ऐकल्यावर आपण इतक्या लवकर मान का डोलावतो, एवढंच.

आम्ही म्हणजे तिघं. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात संध्याकाळी जाऊन बसणारे. एक निवृत्त शिक्षक, एक वायरमन, आणि एक जण बँकेत नोकरी करणारा. संगणकतज्ज्ञ कुणीच नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे आमच्याही चुका येणार आहेत.

तर ग्रंथालयात एक डेस्कटॉप आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क, विंडोज १०. त्यावर पुस्तकांची दाखलनोंद, सभासदांची यादी, अनुदानाची पत्रं. आणि एका फोल्डरमध्ये अकरा फाइली: तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्या. हे काम १५-१६ वर्षांपूर्वी कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केलं होतं. त्या फोल्डरची आठवण ठेवा.

हा संगणक दोन गोष्टी करायला लागला. एक, सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं घ्यायला लागला. दोन, दिवसातून एकदा-दोनदा चालता चालता पटकन बंद पडायला लागला. ना निळा पडदा, ना सूचना. दिवा जावा तसा.

दुकानदाराने आधी एसएमपीएस बदलला. पंधरा दिवसांनी परत तेच. मग रॅम काढून, पुसून, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. परत तेच. मग त्याने संगणक दोन दिवस दुकानात ठेवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी ते वाक्य आलं. सोबत ४२,००० रुपयांचं कोटेशन. वर असंही सांगितलं की, "तसंही साहेब, यावर विंडोज अकरा चालणार नाही. म्हणजे कधी ना कधी टाकायचाच होता."

आता या वाक्याची ताकद कशात आहे ते बघा. हार्डडिस्क गेली तर हार्डडिस्क बदलता येते. रॅम गेली तर रॅम. घड्याळ सारखं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा तो तीन व्होल्टचा, नाण्यासारखा सेल बदलायचा, काम झालं. पंखा आवाज करतो, प्रोसेसर तापतो, तर धूळ काढायची आणि वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. या प्रत्येक आजारात संगणक शिल्लक राहतो. मदरबोर्डचं तसं नाही. दहा वर्षं जुना बोर्ड नवा सहसा मिळत नाही. आजचा बोर्ड घेतला तर जुना प्रोसेसर त्याच्या सॉकेटमध्ये बसत नाही आणि जुनी डीडीआर-३ रॅम त्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. म्हणजे एक भाग गेला की तीन भाग जातात, आणि तीन भाग गेले की उरतो तो पत्र्याचा डबा. म्हणून "मदरबोर्ड गेलाय" हे दिसायला निदान आहे, पण त्यात निकालही आलेला असतो. ते ऐकल्यावर दुरुस्ती की नवीन, हा प्रश्नच उरत नाही. जे एकच निदान बाकीचे सगळे रस्ते बंद करतं, त्याला पुरावा सगळ्यात जास्त मागायला हवा. आपण सगळ्यात कमी मागतो.

दुकानदाराचा पुरावा काय होता? वगळणी. एसएमपीएस नवा आहे, रॅम ठीक आहे, तरी बंद पडतो. मग राहिलं काय? मदरबोर्ड. ही पद्धत चुकीची नाही. डॉक्टरही असंच करतात. पण वगळणीला एक अट असते: यादी पूर्ण पाहिजे. त्याची यादी कॅबिनेटच्या पत्र्याशी संपत होती. डब्याच्या बाहेर काही असू शकतं, हे त्या यादीत नव्हतंच.

आणि एक गोष्ट त्याने स्वतः सांगितली, आम्ही ऐकली, आणि त्याने व आम्ही दोघांनीही सोडून दिली. दुकानातल्या दोन दिवसांत संगणक एकदाही बंद पडला नव्हता! तो म्हणाला, "असा फॉल्ट येऊन-जाऊन असतो." आम्ही म्हणालो, "हो, असेल." घरी खोकणारं पोर दवाखान्यात खोकत नसेल, तर आई म्हणते, घरात काहीतरी आहे. एवढं साधं आम्हाला सुचलं नाही.

सुचलं ते ग्रंथालयातल्या सहायक ताईंना. दिवसभर त्या यंत्रासमोर त्याच बसतात. आमच्यातल्या वायरमनने त्यांना एवढंच सांगितलं होतं की, ताई, बंद पडला की वेळ लिहून ठेवा आणि तेव्हा काय चाललं होतं तेही लिहा. त्यांनी देवघेवीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तीन आठवडे लिहिलं. सतरा नोंदी. त्यातल्या पंधरा ठिकाणी शेवटचा शब्द एकच होता: प्रिंट. आणि पंधराही वेळा प्रिंट दिवसातली पहिली, किंवा बऱ्याच वेळाने दिलेली.

आता वायरमनच्या डोक्यात दिवा लागला. लेझर प्रिंटर कागदावर शाई वितळवून बसवतो. त्यासाठी आतला एक रूळ तापवावा लागतो. थंड प्रिंटरला पहिली प्रिंट दिली की तो काही क्षण इस्त्रीसारखी वीज ओढतो. आमचा प्रिंटर लावला होता संगणकाच्याच यूपीएसवर, म्हणजे ६०० व्हीएच्या छोट्या डब्यावर. प्रिंटरने वीज ओढली की दाब खाली यायचा, यूपीएस 'टुक' करून बॅटरीवर जायचा, आणि ती बॅटरी होती सहा वर्षांची, मेलेली. सगळंच कोसळायचं. उरलेल्या दोन नोंदी होत्या गावची लाइट लुकलुकल्याच्या. दुकानात यूपीएस नव्हता, प्रिंटर नव्हता, म्हणून दुकानात आजारही नव्हता.

प्रिंटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली. यूपीएसला बारा व्होल्टची नवी बॅटरी घातली. संगणक त्यानंतर एकदाही तसा बंद पडलेला नाही. मदरबोर्ड निर्दोष. ४२,००० रुपये वाचले.

टाळ्या नकोत, कारण गोष्ट इथे संपत नाही. खरी समीक्षा आता आमचीच सुरू होते.

आम्ही फुशारलो. दुकानदाराला जाऊन दोन शब्द ऐकवलेसुद्धा. आणि त्या आनंदात दुसरं लक्षण विसरलो: दहा-बारा मिनिटांची सुरुवात. आम्ही गृहीत धरलं होतं की आजार एकच असणार. एक सापडला म्हणजे सगळं सापडलं. दोन रोग एकाच अंगात नांदू शकतात, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे बघूनही कळतं. संगणकाच्या बाबतीत ते आम्हाला कळलं नाही.

हार्डडिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवत असते. तिला स्मार्ट म्हणतात. मोफत मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रामने ती वाचता येते. त्यातल्या दोन-तीन ओळी महत्त्वाच्या. पाचव्या क्रमांकाची ओळ सांगते की किती खराब जागा सोडून तिथला मजकूर राखीव जागेत हलवला. १९७ वी सांगते की किती जागा वाचता येत नाहीत आणि निकालाची वाट बघताहेत. १९९ वी सांगते की डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीत किती चुका झाल्या. हा आकडा वाढत असेल तर डिस्क फेकण्याआधी तिची केबल बदलून बघावी. आमच्या डिस्कची १९७ वी ओळ शून्य नव्हती. ती शून्य असायला हवी.

हे वाचल्यावर काय करायला हवं होतं? काहीही न करता आधी मजकूर दुसरीकडे न्यायला हवा होता. आम्ही काय केलं? निदान पक्कं व्हावं म्हणून रात्रभर पूर्ण डिस्क तपासणारी चाचणी लावली. सगळा पृष्ठभाग वाचायचा, वाचता आलं नाही तर परत परत वाचायचा, अशी ती चाचणी. मरणाऱ्या माणसाला जिने चढायला लावून बघायचं की दम लागतो का. सकाळी डिस्कमधून टिक टिक आवाज येत होता.

नंतर शहरातल्या एका जाणकाराने उरलेला मजकूर काढून दिला. त्याची पद्धत उलटी होती. डीडीरेस्क्यू नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. आधी वाचवा, मग तपासा. त्याने दाखलनोंद वाचवली, पत्रं वाचवली. ओव्यांच्या अकरा फाइलींपैकी आठ आल्या. तीन नाही आल्या. त्या तीन फाइलींमधल्या बायकांपैकी दोघी आज हयात नाहीत. आम्ही ज्या रात्री चाचणी लावली, त्या संध्याकाळी त्या फाइली उघडत होत्या.

म्हणून दुकानदाराच्या वाक्यावर बोलायचा आमचा अधिकार थोडका आहे. त्याच्या चुकीने पैसे जाणार होते. आमच्या चुकीने जे गेलं ते कुठल्याही कोटेशनमध्ये येत नाही.

आता थोडं या आकड्यांवर बोलू, कारण श्रोत्यांपैकी कुणी घरी जाऊन स्मार्ट वाचेल, ते शून्य दिसेल, आणि निर्धास्त होईल. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी निघाल्या. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत मरण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट. म्हणजे इशारा आला तर तो खरा माना. पण दुसरी गोष्ट: ज्या डिस्क मेल्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही खूण दाखवली नव्हती. म्हणजे इशारा आला नाही तर त्याला प्रमाणपत्र मानू नका. आजार दाखवणारी चाचणी आणि आरोग्य सिद्ध करणारी चाचणी या वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकअपला पर्याय नाही, तो यासाठी.

तसंच, "एकदा बंद पडला, पण आता चालतोय ना, मग सोडा" ही आपली लाडकी वृत्ती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा लाख साध्या, घरगुती संगणकांवरच्या बिघाडांचा अभ्यास मांडला. हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेलं यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त, असं त्यात दिसलं. तेव्हा "नवीनच घ्या" म्हणणारा जितका घाईचा, तितकाच "चालतंय तोवर चालू द्या" म्हणणाराही. दोघांनाही तपासायचं नसतं.

आणखी एका वाक्याची समीक्षा करू, ते यंत्राचंच आहे. विंडोजच्या नोंदवहीत असं अचानक बंद पडल्यावर 'कर्नल-पॉवर ४१' नावाची नोंद येते. लोक ती बघतात आणि म्हणतात, पॉवरचा फॉल्ट, एसएमपीएस बदला. ती नोंद नीट वाचली तर ती एवढंच म्हणते की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो गोठला असेल, कोसळला असेल, किंवा वीज गेली असेल. तीन शक्यता, निवड नाही. म्हणजे यंत्र प्रामाणिकपणे "मला माहीत नाही" म्हणतंय आणि आपण त्यात उत्तर वाचतोय. पहिला एसएमपीएस आम्ही असाच बदलला. जुना चांगला होता. तो आता कपाटात आहे.

आता तिसरं वाक्य: "यावर विंडोज अकरा चालणार नाही." हे खरं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. घरगुती वापरणाऱ्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी वर्षभराची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. संस्थांना तीन वर्षांपर्यंत, पण पैसे भरून, आणि दर वर्षी दर दुप्पट. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीचा.

यावर दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. कंपन्यांना नवीन यंत्रं खपवायची असतात, हे खरंच. पण सुरक्षेचं कारण पोकळ नाही. २०१८ च्या सुरुवातीला मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाचे दोष जाहीर झाले, ते प्रोसेसरच्या घडणीतच होते. कुलपाची किल्ली वेगळ्या चिपमध्ये ठेवणं हे शहाणपणाचं आहे. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, सभासदांची माहिती पाठवली जाते, तो दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर इंटरनेटला जोडून ठेवणं बरोबर नाही. आमच्यातला बँकवाला या मुद्द्यावर ठाम होता आणि तो बरोबर होता.

पण 'पात्र नाही' आणि 'बिघडलेला आहे' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. दुकानात ती एकमेकांना चिकटवली जातात, आणि मग पहिल्याच्या खरेपणावर दुसरंही खपतं. पडद्यावर पात्रतेची सूचना आली की माणसाला वाटतं, आपलं यंत्र म्हातारं झालं. यंत्र काल करत होतं ते सगळं आजही करतं. बदलली आहे ती बाहेरची हमी. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इ-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा नोंद ठेवून, रीतसर गोळा झाला नाही. या ढिगात किती यंत्रं खरंच मेलेली आणि किती नुसती अपात्र, हे ढिगाकडे बघून कुणाला सांगता येणार नाही.

मग आम्ही ठरवलं काय? इथे आमचं तिघांचं जमलं नाही, हे सांगायला हरकत नाही. शिक्षकांचं मत होतं की लिनक्स टाकावं; कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेलं, ते चालवावं. सगळं फुकट, सगळं कायदेशीर. ताई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही संध्याकाळी येता. दिवसभर बसायचं कोणी? अडलं तर विचारायचं कोणाला?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. फुकट सॉफ्टवेअर शिकणाऱ्याच्या वेळेत महाग पडतं. आणि तो वेळ आमचा जाणार नव्हता, ताईंचा जाणार होता.

दुसरी अडचण त्या ओव्यांची. त्या युनिकोडमध्ये नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या आहेत, जिथे संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हांची भेळ. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बरेचदा भलत्या अक्षरावर जाऊन बसते, आणि बोलीतली रूपं असली की ते चुकलंय हे ओळखणारा माणूसच लागतो. नवा संगणक आणला असता तर या फाइली त्यात गेल्या असत्या, उघडल्याही असत्या, पण वाचता आल्या नसत्या. आणि जुना भंगारात गेल्यावर हे लक्षात आलं असतं.

म्हणून जुना ठेवला. त्यात २५६ जीबीची एसएसडी घातली. दहा मिनिटांची सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या आत आली. पेस्ट नवी लावली. इंटरनेटची तार काढली. तो आता दाखलनोंदीचा आणि ओव्यांचा संगणक आहे. ताई रोज एक पान युनिकोडमध्ये आणतात, शिक्षक वाचून तपासतात. बाहेरच्या कामांसाठी अनुदानाचा पुढचा हप्ता आला की कचेऱ्यांमधून परत आलेला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, वापरलेला डेस्कटॉप घ्यायचा ठरलं आहे. नव्याच्या निम्म्याहूनही कमी खर्चात. म्हणजे शेवटी अपग्रेड होणारच आहे. पण ते आमच्या कारणासाठी, आमच्या वेळेला.

जाता जाता दुकानदाराबद्दल. आम्ही त्याच्याकडे परत गेलो, या वेळी फुशारकी मारायला नाही. त्याने एक प्रश्न विचारला: "दोन दिवस तुमचा संगणक चालू ठेवून बसलो, त्याचे तुम्ही किती दिले?" काहीच दिले नव्हते. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, तपासण्याचे देत नाही. डॉक्टरची फी औषध न घेताही देतो, इथे मात्र, "नुसतं बघितलं ना, त्याचे कसले पैसे?" ज्याला निदानाचे पैसे मिळत नाहीत तो निदान विकणार नाही, यंत्र विकेल. त्याच्या वाक्याचे अर्धे लेखक आपण आहोत.

आता ग्रंथालयाच्या खर्चाच्या वहीत 'तपासणी' असं वेगळं खातं आहे. रक्कम लहान आहे. आणि संगणकाशेजारी ताईंची वही आहे, तिच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलंय: आधी कॉपी, मग चौकशी.

ज्या तीन फाइली गेल्या, त्यांतल्या तिसऱ्या आजी अजून आहेत. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. त्यांना आता किती आठवतं, बघू. कुणाला सोबत यायचं असेल तर बाहेर नाव द्या.